विस्तव

डिसेंबरात तुर्कूमध्ये तीनलाच दिवस आटोपतो.
नदीवर बर्फाची साय, आणि माझ्या हातात
बर्फाच्याच डब्यात एक नळी :
चमचाभर मज्जा, कुणाच्या तरी कमरेच्या हाडातली.
चिठ्ठीवर नाव नाही.
एकशे सत्तेचाळीस.

मी श्वास मोजते. माणसांचे नाही, पेशींचे.
इवल्याशा खळग्यात थेंब,
थेंबात किती प्राणवायू उरला
ते दर सहा मिनिटांनी पडद्यावर उमटतं.
नवरा विचारतो, दिवसभर काय केलंस?
म्हणते, कोण किती धापा टाकतंय ते ऐकत बसले.

शिकताना सांगितलं होतं :
कर्करोग साखर खातो, अर्धवट जाळतो,
धूर करून पुढे जातो, उधळ्यासारखा.
एकशे सत्तेचाळीसमधल्या बहुतेक तशाच निघाल्या.
औषध पडलं आणि सटासट विझल्या.
उरल्या मूठभर.
काटकसरी, अबोल,
तंतुकणिकांच्या चुलीवर मंद आचेनं
कणन् कण जाळणाऱ्या,
साखर तोडली तर चरबीवर भागवणाऱ्या.
हाडीमाशी खिळणं म्हणजे काय
ते मी त्या आलेखात पाहिलं.

गुरुवारी काही रुग्ण प्रयोगशाळा बघायला येतात.
त्यातले ओइवा केटोला,
जहाजांच्या कारखान्यात एकतीस वर्षं वेल्डर,
आता टोपीखाली केस नाहीत,
खुर्ची पुढे केली तर बसत नाहीत.
ते एकशे सत्तेचाळीस होते का, ठाऊक नाही.
विचारायचं नसतं.

मी त्यांना चित्रफीत दाखवली.
ही मज्जेतली साधी पेशी, निरोगी. शेजारीण म्हणा.
ही दुसरी, आजारी, औषधानं होरपळलेली.
आणि हा मधला धागा,
त्यातून सरकत चाललेले हिरवे ठिपके :
शेजारणीच्या तंतुकणिका.
तिच्या चुलीतून हिच्या चुलीत.

“देते?”
देते.
“कळत नाही तिला, कुणाला देतेय?”
मी काही बोलले नाही. फीत पुन्हा लावली.

मग ते बसले.
म्हणाले, आमच्या बेटावर सात घरं.
आईचा नियम होता,
विस्तव मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही.
पत्र्याच्या डब्यात राख, राखेत निखारा,
डबा पोटाशी धरून बर्फावरून पलीकडे.
एकदा जिनं नेला
तिच्याच नवऱ्यानं आमची होडी पळवली.
“मग?”
“मग काय. पुढच्या थंडीत ती आली. आईनं दिला.”

या कणिका आईकडूनच येतात, मी म्हणाले.
बापाचा वाटा नसतो.
“वाटलंच,” म्हणाले.

जाताना दारात थांबले. हातमोजे घालता घालता :
“श्वास कोंडून मारायला बघताय ना त्यांना?
टॉर्चचा प्राणवायू बंद केला
तर ज्योत पिवळी पडते. काजळी धरते.
पण जळत राहते, पोरी.
दुसरी चावी गॅसची असते.”

मला हे माहीत होतं.
तीन शोधनिबंधांत वाचलं होतं, कोष्टकांसकट.
तरी त्या रात्री घरी फोन केला, जेवून घे म्हणून,
आणि खळग्यांच्या चौथ्या रांगेत दोन औषधं घातली :
एक श्वासावर, एक चरबीवर.
धागा तोडणारं तिसरं बाटलीत होतं.
हातात घेतलं. परत ठेवलं.
शेजारणी ज्यांना देतात
त्यात सगळेच चोर नसतात.

सहा मिनिटं.
बाहेर बर्फ खरवडणारी गाडी गेली,
तिचा पिवळा दिवा छतावरून फिरला.
बारा.
रेघ खाली येतेय.
अठराव्या मिनिटाला जराशी
पुन्हा वर बघते.
मी खुर्ची पुढे ओढते.